हळदीतला बेसवाला

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाने पेण-रोहा पट्ट्यात जन्म घेऊ नये. घेतलाच तर निदान नातेवाइकांना कळू देऊ नये. माझ्या मामाने एकदा लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून दिली, "हा आमचा भाचा. बेंजो पार्टीत हाय. पण नेमकं काय वाजवतो ते अजून आमाला समाजलेलं नाय." पंगत खो खो हसली. मीही हसलो, कारण जिलबी माझ्या पानापर्यंत आली होती आणि भांडायची ती वेळ नव्हती.

आमच्याकडे हळद म्हटली की बेंजो पार्टी लागतेच. मधोमध बेंजो, म्हणजे एका हाताने बटणं दाबायची आणि दुसऱ्याने तारा छेडायच्या ते वाद्य. त्याच्या बाजूला कीबोर्ड, काठ्यांनी बडवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड, ताशे. आणि सगळ्यांच्या मागे, जनरेटरच्या धुरात, मी. बेंजो किंचाळला की बायका पदर खोचून उठतात. ऑक्टोपॅडवाल्याने हवेत काठी फिरवली की पोरं शिट्ट्या मारतात. मी खालचा जाड सूर धरून ठेवतो, ज्याच्यावर ही सगळी मंडळी नाचतात, आणि मला विचारतात, "दादा, चार्जर हाय का?"

मी राहतो अष्टमी गावात. पूल ओलांडून रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तिथे मी वॉल्व उघडतो आणि वॉल्व बंद करतो. हे काम कोणीही करू शकतं, असं आमचा सुपरवायझर मला वरचेवर सांगतो, आणि त्याचं ते एकच म्हणणं मला पटतं. बेस मात्र कोणीही वाजवू शकत नाही. म्हणून मला पार्टी हवी होती. आठवड्यातला एक दिवस तरी मी कोणीतरी असावं, एवढीच माझी हाव होती, आणि ती पार्टी गेली असती तर मी नुसता वॉल्ववाला उरलो असतो.

बेस सांभाळणं म्हणजे घरात आजारी माणूस सांभाळणं. खाडीचा खारट वारा तारांना महिन्याभरात गंज चढवतो. वाजवून झालं की एकेक तार जुन्या बनियनने पुसायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान वाकते, मग मानेच्या आतला रॉड चावीने हळूच फिरवून ती सरळ करायची, जास्त पिळली तर गिटार कायमची गेली. कपाटात ओल येऊ नये म्हणून मी कंपनीतल्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या आणून ठेवतो. तारांचा आवाज मेला की त्या पातेल्यात उकळतो, मळ सुटतो आणि तारा पुन्हा बोलायला लागतात. बायकोने ते पातेलं आता वेगळं ठेवलंय आणि पाहुण्यांना ते दाखवते.

आणि आमची पार्टी! केबल कशी गुंडाळायची हे त्यांना मी सांगून थकलो. कोपराभोवती अशी आवळतात जणू विहिरीवरचा दोर. माझा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा तो जड खोका, त्यांच्या दृष्टीने स्टूल. त्याच्यावर चहा ठेवतात, वडापावचा कागद ठेवतात, ताशेवाला तर बसतोच. आमची सरावाची खोली पेणला गणपतीच्या कारखान्याला लागून. मूर्ती घासल्याची पांढरी पूड सगळीकडे. मी एकटा ब्रशने अँपची बटणं साफ करतो आणि बाकीचे मला बघून एकमेकांना कोपराने ढोसतात.

पार्टीचे मालक खाडीकडच्या गावचे. वडिलांची मिठागरं, यांचा बेंजो. सगळे त्यांना शेट म्हणतात, मीही म्हणतो. बोटं चांगली आहेत, हे मान्य करावं लागेल. कान मात्र द्यायचे देव विसरला. गणपती उरकल्यावर शेटनी नवा कीबोर्ड घेतला. त्यात एक बटण दाबलं की बेस आपोआप वाजतो. टुम टुम, टुम टुम, गाणं कुठलंही असो. शेट लहान मुलासारखे ते बटण दाबत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"आता तुजा काय करायचा? तुजा तो खोका टेम्पोत दोन मानसांची जागा खातो."

मी म्हटलं, "शेट, हा मेलेला बेस आहे. गाणं वळलं तरी हा वळत नाही."

"ते कोनाला कलतंय?" शेट म्हणाले. "बरा, तुलशीच्या लग्नानंतरची पहिली हलद वाजव. लोकं खूश झाली तर रहा."

म्हणजे माझी परीक्षा ठरली, आणि परीक्षक कोण, तर हळदीत नाचणारी वऱ्हाडी मंडळी.

त्याआधी दसरा आला. दसऱ्याला शेटच्या अंगणात सगळी वाद्यं चादरीवर मांडून पूजा करतात. दरवर्षी मी माझी गिटार सर्वांत शेवटी ठेवतो आणि तिच्यावर पहारा करतो, कारण शेटची आई ओलं कुंकू बोटाने असं दाबून लावते की ते तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांत जाऊन बसतं. या वर्षी मी गिटारवर फडकं टाकलं होतं. म्हातारी म्हणाली, "फडक्याला कुकू लावू काय रं बाला?" फडकं काढावं लागलं. तिला थोपवण्यात मी गुंतलो, तेवढ्यात मागे आवाज झाला, फट्.

शेटनी नारळ फोडला होता. माझ्या अँपच्या कोपऱ्यावर.

त्यांचं गणित असं होतं की टेम्पोला नारळ बंपरवर फोडतात, मग या खोक्याला कोपऱ्याला लोखंडी टोपी आहे, म्हणजे ती त्यासाठीच दिलेली असणार. माझ्या अँपची सगळी बटणं वरच्या बाजूला आहेत. नारळाचं पाणी त्या बटणांमधून आत ओघळत होतं आणि मंडळी हात जोडून उभी होती. मी ओरडलो, "पुसा, पुसा! कोणी चालू करू नका!" कीबोर्डवाला म्हणाला, "देवाचं पानी हाय, काय नाय व्हत." आणि पूजा झाल्यावर वाद्य वाजवून बघायची रीत आहे म्हणून त्यानेच बटण चालू केलं. आत चटचट झालं, करपल्याचा वास आला, पांढरा धूर वर निघाला. शेटची आई म्हणाली, धूप चांगला पेटला. इतक्या मूर्ख माणसांत मी इतकी वर्षं काढली याचं मला त्या अंगणात पहिल्यांदा रडू आलं.

पेणचा मिक्सर-टीव्हीवाला मेकॅनिक अँप उघडून बघून म्हणाला, आतली सर्किटची पट्टी गेली, मुंबईहून मागवावी लागेल. ती आलीच नाही. तुळशीचं लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झालं, आणि पहिली हळद आली ती डोलवीजवळच्या एका गावात. नवरामुलगा स्टीलच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. शेट म्हणाले, "तुजी वायर सरल साऊंडवाल्याकडं दे. मोठ्या स्पीकरमधून वाजेल." मी वायर दिली. टेम्पोजवळ आवाजाचा मिक्सर लावून बसलेल्या साऊंडवाल्याने मला अंगठा दाखवला.

मी नव्या तारा चढवल्या होत्या. भर दुपारी मांडव तापला होता, हळदीचे पिवळे हात सगळीकडे लागत होते, आणि मी वाजवत होतो. स्पीकरांची तोंडं पुढे, आम्ही मागे, कानाशी ताशे, त्यामुळे माझा मला काही आवाज येत नव्हता. पण समोर अख्खं गाव नाचत होतं. मी सूर वळवले, मध्येच दम धरला, बेंजोच्या खालून अशा जागा काढल्या की माझ्याच अंगावर काटा आला. गाणं संपलं तेव्हा नवऱ्याचा काका घामाने निथळत माझ्याकडे आला, माझ्या गालाला हळद फासली आणि म्हणाला, "गिटारवाले, काय वाजवलंस रं! छातीत धडधडलं नुसतं!"

इतक्या वर्षांत कोणी मला असं म्हटलं नव्हतं. मी सुखावलो. चहासाठी वाजवणं थांबलं तेव्हा मी मुद्दाम साऊंडवाल्याकडे गेलो आणि विचारलं, "बाहेर कसा येतोय माझा बेस?"

तो चहा फुंकत म्हणाला, "तुमची लाईन बंद हाय. शेटनी आदीच सांगितलेलं, कीबोर्डचा बेस ठेव, गिटारची वायर नुसती लावून ठेव."

शेट शेजारीच खुर्चीवर होते. जराही ओशाळले नाहीत. उलट खुशीत होते. "लोकं खूश झाली ना? मग झालास तू पास. हल्ली सगली व्हिडिओ काढतात. गिटारवाला हलताना दिसला की पार्टी मोठी वाटते. तू असाच उबा रहा. आता खोकापन आनू नको."

काकावर मला राग नव्हता. त्याची छाती कीबोर्डच्या टुम टुमने धडधडली, त्याला मी काय करणार? राग आला तो याचा की त्याची शाबासकी मी आत कुठेतरी जपून ठेवायला घेतली होती. मी वायर उपटली.

"मी नाही येणार, शेट. दिसायला दुसरं कोणी बघा."

शेटनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, आता थांब म्हणतील. ते म्हणाले, "नाय येयाचा तर नको येव. पन गिटार ठेवून जा. माजा पुतन्या धरील."

मी गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि मांडवातून बाहेर पडलो. गावाच्या पायवाटेने हायवेकडे निघालो, तर मी हायवेला लागायच्या आत मागे पुढचं गाणं सुरू झालं. मी थांबलो. काहीतरी पोकळ वाटेल, कोणाचा तरी पाय चुकेल, निदान आवाज पातळ होईल, म्हणून कान देऊन पूर्ण गाणं ऐकलं. कशाचीही कमी नव्हती.