ओपन स्पेसमधली कोपी

मला दोन दाजी आहेत आणि घरांची टंचाई कशी संपेल हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. मोठे दाजी देवगाव फाट्याजवळ प्लॉटिंग करतात. त्यांच्या मते सरकारनं मधून उठावं. नियम गेले की घरं गवतासारखी उगवतील. धाकटे दाजी पंचायत समितीत घरकुलाचं टेबल सांभाळतात. त्यांच्या मते घर सरकारनंच द्यावं. बाजाराच्या भरवशावर राहिलं तर गरिबाच्या वाट्याला उंबरासुद्धा येणार नाही. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, त्यामुळे मला कोणी मत विचारत नाही.

यंदा या वादाला एक जितंजागतं माणूस मिळालं, ते म्हणजे आमची मावशी. दिरांच्या वाटणीत तिचं घर गेलं. अर्धं वर्ष ती ऊस तोडायला जाते, उरलेलं अर्धं राहायला तिला जागा हवी होती. धाकट्या दाजींनी खटपट करून तिचं घरकुल मंजूर केलं. पण ते बांधायला स्वतःची जागा लागते. म्हणून ती मोठ्या दाजींकडे गेली. त्यांचा सगळ्यात लहान प्लॉटही तिला झेपेना, आणि अर्धा तोडून द्यायचा तर कायदा आडवा.

"बघितलं का, नियमानं मारलं," मोठे दाजी मला म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. प्लॉट तेवढा दिला नाही.

त्यांच्या प्लॉटिंगच्या कोपऱ्यात ओपन स्पेस म्हणून सोडलेली जागा आहे. नकाशात तिथं बगीचा, जागेवर बाभळी. मावशीनं कोणाला न विचारता तिथं कोपी घातली, ऊसतोडीच्या फडावर घालतात तशी, बांबू आणि ताडपत्रीची. चूल मांडली, डब्यात तुळस लावली. म्हणजे बगीच्याचं काम तिनंच सुरू केलं म्हणायचं.

मोठे दाजी नकाशा घेऊन आले. "मावशी, ही जागा बगीच्याची हाय. नियम म्हंजे नियम. गिऱ्हाइकं इचारायलेत."

मी धाकट्या दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "अतिक्रमणावर घरकुल बसत न्हाई. उलट मंजुरी जाईल. काढून घ्या लवकर."

इतक्या वर्षांत दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. मला दोघांचाही सणकून राग आला. पण मावशीनं तोवर दोऱ्या सोडायला घेतल्या होत्या, म्हणून मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

पुढे ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. परवा फडावरून तिचा फोन आला. तिकडं लय थंडी हाय म्हणाली. मग विचारलं, "तिथं बगीचा झाला का रे?"

"न्हाई. बाभळीच हायत."

"मग मला उठिवलं कशाला?"

"दाजींना इचार."

"कोणत्या?"

"कोणत्याबी," मी म्हणालो.