सानगडी ते जवाहरनगर वाघबकरी

साठी उलटलेल्या माणसानं दिवस कसा काढावा, याबद्दल सानगडीत कुणाचं दुमत नाही. सकाळी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, एक चक्कर टाकावी, दुपारी ताणून द्यावी आणि ऊन उतरलं की तलावाच्या पाळीवर बसून जगाचे दोष काढावेत. गोमाजीनं यातलं पहिलं काम तेवढं ठेवलं, बाकीच्यांना फाटा दिला आणि रिता मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. गाव हसलं. त्याची बायको मंदाबाई मात्र हसली नाही.

“नातवाएवढ्या पोट्ट्यायच्या मंधात जाऊन बसता, लाज नाई वाटत? आता का कलेक्टर व्हाचं हाय का तुमाले?”

“कलेक्टर नाई व मंदा. नत्थ्यासंग खेळाचं हाय मले.”

आता हा नत्थू कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं सरकता येणार नाही. गोमाजी आणि नत्थू एकाच वर्गात, एकाच वर्षी, एकाच विषयात नापास झालेले. नत्थूनं त्यातून बोध घेतला आणि धानाच्या बांधीत उतरला. गोमाजी पुन्हा बसला, पास झाला, पुढे जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर म्हणून लागला आणि सारी उमर तिथल्या क्वार्टरमध्ये काढली. पण सुटीला गावी आला की हातपायही न धुता तलावाच्या पाळीवर. तिथल्या सपाट दगडावर खडूच्या रेघा आणि वाघबकरीचा डाव. दोन खापऱ्या म्हणजे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या वाघाला चहूबाजूंनी कोंडतात. गोमाजी नेहमी वाघ, नत्थू नेहमी बकऱ्या. यात सानगडीचा स्वतःचा एक कायदा होता. दोन कोपऱ्यांत बोडी, म्हणजे छोटंसं तळं. बोडीत उतरलेल्या बकरीला वाघानं हात लावायचा नाही. हा कायदा दुसऱ्या कुठल्या गावात नाही, असं दोघंही छातीठोकपणे सांगत.

गोमाजी रिटायर होऊन गावी आला आणि रोजचा डाव सुरू झाला. काय सांगावं ते सुख! आणि मग नत्थूचा गुडघा बसला. बायको तर केव्हाच गेलेली, घरी करणारं कोणी नाही. त्याचा मुलगा भुपेंद्र त्याच जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. तो आला आणि बापाला क्वार्टरवर घेऊन गेला. दैवाची गंमत बघा. ज्यानं जन्म क्वार्टरमध्ये काढला तो गावात, आणि ज्याला बांधीवाचून झोप येत नव्हती तो क्वार्टरमध्ये.

कुणी म्हणेल, फोन आहे की! आहे. गोमाजी रोज लावायचा. “जेवला का बे?” “जेवलो.” “गुडघा?” “हाय तसाच.” “पानी आलं का तिकडे?” “आलं.” संपलं बोलणं. चाळीस वर्षं जे दोघं एकमेकांच्या आयामायांचा उद्धार करत खेळले, त्यांना समोर डाव नसला तर बोलावं काय तेच कळेना. मग फोनवर डाव मांडून पाहिला. इकडे एक पाट, तिकडे एक पाट, तोंडानं चाल सांगायची. पाच-सात चालींतच दोन पाटांवर दोन वेगळेच खेळ उभे राहत. नत्थूच्या पाटावरच्या बकऱ्या तर मरायचं नावच घेईनात. शेवटी शिवीगाळ होऊन फोन आपटला जाई, आणि समोर बसून केलेल्या भांडणाची मजा त्यात औषधालाही नसे.

रिता मॅडम ही गावचीच सून. तिनं मोबाईलवर दोन-तीन वाघबकऱ्या काढून दाखवल्या. गोमाजीनं चष्मा लावून पाहिल्या आणि विचारलं, “बोडी कुठं हाय?”

“बोडी नाही यात, काका.”

“मंग बकरीनं जाव कुठं? हा का खेळ झाला का?”

“मग तुम्हीच बनवा ना तुमच्या बोडीवाला!” रिता हसत म्हणाली. बोलून गेली बिचारी. पुढं वर्षभर त्या एका वाक्याची परतफेड तिनं केली.

गोमाजी क्लासात सगळ्यांत मागे बसायचा. पायथन नावाची भाषा, तिच्यात दोन ओळी लिहिल्या की मशीन तुमचं नाव छापून दाखवते. बाकीची पोरं तेवढ्यावर खूश. गोमाजीचा धोशा एकच, “इथलं बोलनं जवाहरनगरले कसं पोचन ते सांग बाई.” मग रितानं त्याला समजावलं. एक प्रोग्राम दार उघडून बसतो, तो सर्व्हर. दुसरा येऊन दार ठोठावतो, तो क्लायंट. दाराला नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणायचं. गोमाजीनं मान हलवली, घरी जाऊन क्लायंट लिहिला, चालवला, आणि मशीननं सांगितलं की तुम्हाला नकार मिळाला आहे. तीन दिवस तो त्या नकाराशी भांडला. चौथ्या दिवशी रितानं विचारलं, “काका, सर्व्हर चालू केला होता का?”

“तो बी चालू करा लागते?”

“दारामागं कोणी बसलंच नाही, तर उघडेल कोण?”

गोमाजीनं कपाळावर हात मारून घेतला. फिटर माणूस, हरला नाही. दार उघडलं, बोलणं पोचलं, मशीन मशीनशी बोलायला लागली. मग नवीनच त्रांगडं. वाघाची एक चाल पाठवली की बरोबर पोचायची, पण लागोपाठ दोन पाठवल्या की तिकडे एकमेकींना चिकटून, गिचमिड होऊन निघायच्या. गोमाजीला वाटे, पोस्टातून दोन पाकिटं टाकली तर दोनच पोचायला पाहिजेत ना!

“हे पाकिटासारखं नाही, काका,” रिता म्हणाली. “हे पाणी आहे. बांधीत दोन बादल्या ओतल्यावर कोणतं पाणी कोणत्या बादलीचं, ते कसं ओळखाल?”

“मंधात धुरा टाकून!” गोमाजी ताडकन म्हणाला. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला बांध. आणि खरंच, प्रत्येक चालीच्या शेवटी एक खूण टाकली, तिकडच्या प्रोग्रामला सांगितलं की खूण दिसेपर्यंत वाचत राहा, तसं सगळं सुतासारखं सरळ झालं. त्या संध्याकाळी तो घरी नाचतच आला. मंदाबाईला वाटलं, लॉटरी लागली की काय.

राहता राहिलं जवाहरनगर. घरातल्या सर्व्हरचं दार बाहेरच्या माणसाला सापडेना, म्हणून रितानं नेटवरची एक लहानशी भाड्याची मशीन घेऊन दिली. सर्व्हर तिच्यावर बसला. दोघांनीही तिथंच जाऊन दार ठोठावायचं, चाल कायद्याची आहे की नाही ते सर्व्हरनं बघायचं आणि दोघांना एकच पाट दाखवायचा. झाला का नाही फोनवाल्या भांडणाचा निकाल! भुपेंद्रनं जुना लॅपटॉप बापापुढं ठेवला. नत्थूला टायपिंगची कटकट नव्हती. कुठून कुठं, एवढे दोन आकडे दाबायचे; पाटाबाहेरची बकरी मांडायची तर पहिला आकडा शून्य.

पहिला डाव गोमाजीनं जिंकला. दुसरा जिंकला. तिसराही. आठवडाभर वाघानं बकऱ्यांचा नुसता फडशा पाडला. गोमाजी खुशीत मिशीला पीळ देत होता, आणि नेमका तेव्हाच नत्थू यायचा बंद झाला. आज डोळे दुखतात, उद्या झोप लागली, परवा काहीच नाही. सर्व्हर दार उघडून बसलेला, ठोठावणारं कोणी नाही. मग भुपेंद्रचा फोन आला.

“काका, बाबा दिवसभर भिताडाकडे तोंड करून राह्यते. खेळ सुरू झाला तवा दोन दिवस बरा होता. आता जेवाले बी नाई म्हनते. गावाले न्या म्हनत नाई, इथं राह्यतो बी म्हनत नाई. तुमी एकदा येऊन जा ना.”

गोमाजीनं फोन ठेवला. एवढं वर्ष घालवलं ते यासाठी? माणूस जोडायला निघालो आणि होता तोही तोडला की काय? दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून तो जवाहरनगरला पोचला. ज्या गल्ल्यांतून उमर काढली त्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. क्वार्टरच्या ओसरीत नत्थू बसला होता, अर्धा झालेला. गोमाजीनं काही विचारलं नाही. फरशीवर खडूनं रेघा ओढल्या, खिशातून चिंचोके काढले आणि म्हणाला, “बस बे.”

डाव सुरू झाला. नत्थू मरगळल्यासारखा चाल करत होता. तेवढ्यात रस्त्यावरून फॅक्टरीची बस गेली आणि जुन्या सवयीनं गोमाजी उठून कठड्याशी गेला. परत वळला तर पाटावर एक बकरी जास्त. मेलेली बकरी जिवंत होऊन बोडीत जाऊन बसली होती. नत्थू आढ्याकडं पाहत होता, आणि त्याचे डोळे असे चमकत होते की गोमाजीला एकदम तलावाची पाळ दिसली.

“चोट्ट्या!” गोमाजी ओरडला.

“कोन? मी? ते पैलेपासून तिथंच हाय बे!”

दोघंही इतके हसले की भुपेंद्रची बायको शुभांगी स्वयंपाकघरातून धावत आली. हसणं ओसरल्यावर नत्थू हळूच म्हणाला, “गोमा, तुही मशीन चांगली हाय. पन मले नाई जमत तिच्यासंग. तिले पाठच नाई बे. नुसती पाहूनच राह्यते, पाहूनच राह्यते. तू कसा, खर्रा थुंकाले उठत होता.”

गोमाजी उगाच चिंचोके सारखे करू लागला.

“मले का समजत नोतं का? एवढा वेळ कोनी थुंकते का बे?”

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं गोमाजी समजत होता की आपण मुद्दाम पाठ फिरवतो हे आपल्यालाच माहीत आहे. सुपारी-तंबाखूच्या त्या खर्र्याचं निमित्त करून तो पार पाळीच्या टोकापर्यंत जायचा, दोन-दोन मिनिटं पाण्याकडं पाहत उभा राहायचा. आणि हा पठ्ठ्या सगळं ओळखून होता. प्रोग्रामात त्यानं सानगडीचे झाडून सारे कायदे टाकले होते, बोडीसुद्धा टाकली होती. सगळ्यांत मोठा कायदा तेवढा राहून गेला होता.

परत आल्यावर त्यानं रिताला गाठलं. “बाई, सर्व्हरले अधूनमधून पाठ फिरवता आली पायजे.”

“म्हणजे?”

“वाघानं दोन बकऱ्या खाल्ल्या की एकदा. थोड्या वेळासाठी चाल तपासाचीच नाई. मेलेली बकरी ठेवली त ठेवू द्याची. अन् दोघायच्या पडद्यावर तेवढा वेळ एक ओळ आली पायजे.”

“काका, लोक चोरी पकडायचे प्रोग्राम लिहितात. तुम्ही चोरी करू द्यायचा लिहिताय!”

“हाव. शिकव.”

लिहायला फार लागलं नाही. चाल तपासणारा भाग तेवढा वेळ बाजूला ठेवायचा, वेळ संपली की पुन्हा कामाला लावायचा. गोमाजीनं ओळीचे शब्द स्वतः टाईप केले आणि दुसऱ्या दुपारी भुपेंद्रला फोन करून सांगितलं, “तुह्या बापाले बसव एक डाव. नाई म्हनन त माही शपथ घाल.”

नत्थू आला. गोमाजीनं वाघ सोडले. पहिली बकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि दोन्हीकडच्या पडद्यांवर अक्षरं उमटली: गोमा खर्रा थुंकाले गेला.

चहा घेऊन आलेल्या मंदाबाईनं ती वाचली. “अवं माय! सोडला होता ना, अन् पुन्हा सुरू केला?”

“मी नाई व! मशीन खाते! चूप बस जरा!”

गोमाजी पडद्याला डोळे लावून बसला. पडदा हलेना. तिकडे त्या म्हाताऱ्याला समजलं असेल का? समजून रागावला तर? कीव केली म्हणाला तर? काही सुचेना म्हणून गोमाजीनं खुर्चीवरून उठून खरोखरच लॅपटॉपकडे पाठ केली आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. मंदाबाई चहाचा कप धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

वळून पाहतो तर पाटावर एक नाही, दोन्ही बकऱ्या जिवंत. त्यातली एक तर सरळ वाघाच्या नाकासमोर.

पुढच्या आठ-दहा चालींत दोन्ही वाघ कोंडले गेले. गोमाजी हरला. फोन वाजला आणि कानाला लावायच्या आधीच आतून आवाज आला, “हारला ना बे! हारला का नाई!” मग नत्थू जो सुटला तो सुटला. शुभांगीनं अंगणात वांगी लावली ती कशी लावायला पाहिजे होती, शेजारच्या क्वार्टरचा कुत्रा रात्रभर कसा भुंकतो, गुडघ्याला कोणतं तेल चोळलं, दोन पोळ्या जास्त कशा खाल्ल्या. गोमाजी नुसता “हाव, हाव” करत डोळे पुसत होता. चहा थंड झाला.

शेवटी नत्थू थांबला.

“गोमा.”

“का बे?”

“उद्या दोन खर्रे जास्त खाजो.”