सायफनच्या व्हिडिओतली माझी पाठ

आधी भिका आप्पाचं नाव घेतो. गावी, कोरीटला, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या या म्हाताऱ्याने मला वाचवलं. ज्या माणसावर मी वर्षभर जळत होतो त्यानेच वाचवावं, यापेक्षा वाईट वाचणं नाही!

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. पोटासाठी पार कच्छात, मिठाच्या गोदामात. बायको सुनंदा आणि सातवीतली पोरगी दीपाली गावाकडे. दीपालीच्या विज्ञानाच्या सरांनी नवी पद्धत काढली. धडा पाठ करायचा नाही. त्यातली गोष्ट घरात, शेतात शोधायची, मोबाईलवर तिचा व्हिडिओ करायचा आणि ती का घडते ते आपल्या शब्दांत सांगायचं. तो वर्गात लागणार आणि बाकीची पोरं प्रश्न विचारून घाम फोडणार. एकच सक्त नियम: चुकलं तर कापायचं नाही, का चुकलं ते बोलून दाखवायचं. (आमच्या वेळी का चुकलं ते छडीच सांगायची.)

मला कोण आनंद झाला! पहिला व्हिडिओ येईपर्यंत.

पहिला तरफेचा. त्यात भिका आप्पा पहारीने धोंडा उलथतोय. दुसरा बाष्पीभवनाचा. त्यात आप्पाचं ओलं धोतर, तारेवर. म्हणजे शेजाऱ्याच्या धोतराला जागा आहे आणि सख्ख्या बापाला नाही! खोलीवरचा माझा बिहारी जोडीदार व्हिडिओ बघून म्हणाला, "भैया, आपकी बिटिया के पापा तो काफी उमरवाले निकले!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोर आपल्याला विसरणार, तिच्या लग्नातही आप्पाच पुढे उभा राहणार, इथपर्यंत माझं डोकं पोचलं. मी फोन लावला.

"दीपू, माले बी घे ना व्हिडिओमा."

"पप्पा, तू आठे कोठे शे?"

बरोबर होतं, मी तिथे होतोच कुठे? म्हणून जास्त झोंबलं. मी शेठला आजोबा वारल्याचं सांगून रजा काढली (ते वारलेच आहेत, फक्त बरंच आधी) आणि गाव गाठलं. मला एवढंच हवं होतं: पोरीने कॅमेऱ्यात बघून एकदा म्हणावं, "हे माझे पप्पा."

आता धडा होता हवेच्या दाबाचा. मी छातीवर हात मारला. "सायफन! ड्रमातलं पाणी नळीने ओढून खाली काढणं यात मन्हा हात कोणी धरनार नही!" नवा पांढरा शर्ट घातला. गोठ्याच्या ओट्यावर आमचा निळा ड्रम होता, वर गोणपाट झाकलेला. मी गावी असताना त्यात वापरायचं पाणी असायचं. नळीचं एक टोक त्यात सोडलं, खाली बादली ठेवली आणि दुसरं टोक तोंडाशी धरलं. दीपालीने मोबाईल रोखला.

"पप्पा, आयक ना, त्या ड्रममा—"

"शूटिंग चालू असताना मधे बोलायचं नाही!"

"पन पप्पा—"

"पन नही नि बिन नही!"

वास आला होता. खोटं कशाला बोलू? पण गोठ्याशेजारी काय मोगरा दरवळणार? मी कॅमेऱ्याकडे बघून शुद्ध मराठीत म्हणालो, "विद्यार्थी मित्रांनो, आता नळीतली हवा मी ओढून घेतो," आणि छाती भरून ओढलं.

मी नसताना सुनंदाने त्या ड्रममध्ये जीवामृत घालायला सुरुवात केली होती. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन! चांगलं आंबलेलं! गुळाचा भाग काही लागला नाही.

मी ओरडायला तोंड उघडलं तशी नळी सुटली, नागिणीसारखी वळवळली आणि उरलेलं सगळं नव्या शर्टावर. माझा सायफन इतका उत्तम चालू झाला होता की थांबेचना! सुनंदा दारातून किंचाळली, "आप्पा, पळा! यासनी ड्रम पिधा!"

भिका आप्पा भिंतीवरून उडी मारून आला. एका हाताच्या अंगठ्याने नळी दाबली, दुसऱ्याने माझी मानगूट धरून वासराला वाकवावं तसं मला बादलीवर वाकवलं.

"थुक! थुक रे रमेस! कपाशीना खुराक शे तो, तुन्हा नही!"

मग घरून ताकाचा तांब्या आणवला, गुळण्या करवल्या, पाठ चोळली. दिवसभर मिठाची पोती उचलणारा मी, गुळणीपुरतं चिमूटभर मीठही त्यानेच आणवलं. आणि दीपाली? सरांची गुणी विद्यार्थिनी! तिने मोबाईल खाली केलाच नाही.

व्हिडिओ वर्गात लागला. मी तोवर कच्छात परतलो होतो; सरांनी वर्गातून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर, गोदामात पोत्यामागे लपून पाहिला. आप्पाचा चेहरा स्वच्छ, समोरून, एखाद्या डॉक्टरसारखा. माझी पाठ! बादलीवर वाकवल्यापासून शेवटपर्यंत पाठ! दीपाली मागून शांतपणे सांगत होती, "नळीतली हवा ओढल्यावर बाहेरच्या हवेने द्रव वर ढकलला. चूक ही झाली, की ओढण्याआधी ड्रममध्ये काय आहे ते पाहिलं नाही. सांगितलं तर ऐकलंही नाही." आणि शेवटी म्हणाली, "पहारीच्या व्हिडिओतले आप्पा तुम्हाला माहीत आहेतच. आणि हे जे वाकलेले आहेत ना, ते माझे पप्पा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पोत्यामागे डोळे पुसले आणि लगेच पुन्हा जळलो, कारण सर म्हणताना ऐकू आले, "वा आप्पा!"

आप्पा, तुमच्या त्या ताकाचे उपकार मी एक दिवस फेडणार, शब्द देतो. तुमचा नातू पुढच्या वर्षी याच सरांच्या वर्गात जातोय. त्याच्या व्हिडिओसाठी मी कच्छातून रजा काढून येईन, सांगाल ते ओढेन, पडेन, भिजेन. फक्त त्याने कॅमेऱ्यात बघून "हे आमचे रमेशकाका" म्हटलं, की तुम्ही कसे जळता तेवढं मला समोर बसून बघायचंय!