नवमीच्या ताटातला दुधी

पितृपक्षात फिरायला जाऊ नये म्हणतात. मी मुद्दाम तेव्हाच जाते, कारण हॉटेलं रिकामी असतात. यंदा नवरा-बायको दोघं लखनौला गेलो. पहिला दिवस झकास गेला. इमामबाड्याच्या भुलभुलैयात नवरा गाईडला मागे टाकून निघाला आणि फिरून फिरून त्याच खिडकीशी परत आला. संध्याकाळी निशातगंजला चाट खाल्ली. चिकनकारी कपड्यांच्या दुकानात आमच्याशिवाय गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे दुकानदाराने गादीवर बसवून अर्धं दुकान उलगडून दाखवलं.

दुसरा दिवस विकासनगरचा होता. तिथे माझ्या थोरल्या बहिणीचं घर. ताई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी रेल्वेत इंजिनियर. त्यांनी पुढे लखनौच्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं. त्यात मला काही गैर वाटलं नाही, पण त्या घरी जावंसंही वाटलं नव्हतं. या वेळी तिनेच फोन केला.

"दीदी, नवमीला तुम्ही या ना. बडी दीदींच्या जागी बसायला या साली कोणी नाही."

नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. तिला साडी द्यायची, गेलेल्या बाईच्या आवडीचं वाढायचं. जेवते सवाष्ण, पोचतं दुसरीला, अशी समजूत. भाऊजींच्या आईने हे नव्या सुनेला शिकवून ठेवलं होतं. दरवर्षी हवाई दलातल्या एका मराठी अधिकाऱ्याची बायको येत असे. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती.

रिक्षा कोपऱ्यावर सोडली. भाजीवाल्याने मान वर केली आणि म्हणाला, "अरे भाभीजी! बहुत दिन बाद दिखीं."

"हा तुला कसा ओळखतो?" नवऱ्याने विचारलं.

"मला नाही ओळखत," मी म्हणाले. ताई आणि मी दिसायला सारख्या. माझे पाय उलटे तर नाहीत ना, म्हणून तो पायांकडे बघेल की काय, असं उगीचच वाटलं. मी भराभर चालू लागले.

भाऊजींच्या बायकोने दार उघडलं आणि तिचा हात कडीवरच राहिला. मग म्हणाली, "या." हॉलमध्ये हार घातलेला फोटो होता. फोटोतली ताई आता माझ्याहून लहान दिसते. स्वयंपाकघरात डबे आमच्या आईच्या घरी असत तसेच, त्याच क्रमाने होते.

"मी काही हलवलं नाही," ती म्हणाली. "हिंमत नाही झाली."

भाऊजी आणि नवरा बाहेर बसले. तिने माझे पाय धुतले, कुंकू लावलं, साडी हातात दिली. मी पाटावर बसले. ताटात खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, आणि वाटी भरून दुधीची भाजी. ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. स्वयंपाक छान होता. मी सगळं खाल्लं. दुधी मला आवडत नाही, तो तेवढा राहिला.

"या साली पण," ती हळूच म्हणाली.

"काय या साली पण?"

"दुधी. ती हवाई दलवाली भाभी पण सगळं खायची, दुधी सोडायची. दर साली. हे म्हणतात, बडी दीदींना दुधी सगळ्यात जास्त आवडायचा. मग माझ्याच हातचा का नाही खात? आणि आज तर तुम्ही बसलात, सगी बहन. त्या नाराज आहेत ना माझ्यावर?"

तिचा पदर मुठीत आवळलेला होता. एवढी वर्षं ही बाई उष्टी ताटं वाचत बसली होती.

"अगं, नाराज कसली! तिला दुधी डोळ्यांसमोर नको असायचा. आईची नजर चुकवून आम्ही दोघी तो गाईच्या घमेल्यात टाकायचो. भाऊजींना आवडतो म्हणून करत असेल. आणि केला म्हणून खात असेल."

ती बाहेरच्या खोलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला पण नाही आवडत." आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. आम्ही दोघी हसलो. तरी मला सारखं वाटत होतं की तिसरीचं हसू कमी पडतंय.

"मग त्यांना काय आवडायचं?" तिने डोळे पुसत विचारलं. "पुढच्या साली तेच करते."

ताईला काय आवडत नसे ते मला पाठ होतं. शेपू नको, पडवळ नको, हे सगळं सांगता आलं असतं. आमच्याकडे वाढायचं काम थोरलीचं. ती शेवटी बसायची, उरेल ते घ्यायची. "अजून वाढ" असं तिने कधी म्हटलेलं मला आठवेना.

ती झारा हातात घेऊन थांबली होती.

"वडे," मी म्हणाले. समोर वडे होते.

तिचा चेहरा उजळला. तिने गरम वडे आणून माझ्या ताटात घातले. पोटात जागा नव्हती, पण ताटात काही ठेवणं आता शक्यच नव्हतं. मी ते संपवले.

निघालो तेव्हा भाजीवाला वाटच बघत होता. त्याने एक कोवळा, हिरवागार दुधी पुढे केला.

"लौकी ले जाइए, भाभीजी. आप तो रोज ले जाती थीं."

नवरा मला पुढे ओढायला लागला. मी थांबले.

"नहीं भैया," मी म्हणाले. "लौकी मुझे कभी अच्छी नहीं लगी."