राजपुऱ्यावरून न गेलेलं विमान

तुमचं माणूस तुम्हाला भेटायला निघालं आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलं, तर फोनवर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? खरं सांगा. "बरा आहेस ना?" की "एवढंही जमलं नाही?"

आधी माझी बाजू सांगते. या सदरातल्या गूढ अनुभवांखाली तावातावाने कॉमेंट लिहिणाऱ्यांपैकी मी एक. "पुरावा द्या", "भास होता", "लोकांना घाबरवणं बंद करा"... असं बरंच. मी वाढलेच तशी. बाबा पेपर मिलमध्ये कामगार आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. आरत्या पाठ व्हायच्या आधी आम्ही दोघी बहिणी बुवाबाजीविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालायला शिकलो. थोरलीचं नाव क्रांती, माझं मुक्ता. यावरून घर ओळखा.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही मिलची कॉलनी सोडून बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात राहायला आलो. क्रांतीताई नोकरीनिमित्त जळगावला गेली आणि तिथे पगारातून पैसे साठवत तिने एक वेगळंच काम केलं... छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलं. हौस म्हणून. आईने महिनाभर अबोला धरला. बाबांनी मात्र गल्लीत पेढे वाटले.

त्याच वर्षी बाबांना काचबिंदू निघाला. उशिरा कळला. नजर कडांकडून मिटत आली होती. "नळीतून पाहिल्यासारखं दिसतं गं," ते म्हणायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही.

बाबांनी आयुष्यात मुलींकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं. "क्रांते, दिसतंय तोवर एकदा घरावरून जा. खालून बघू दे मला."

त्यासाठी ते गच्चीवर सराव करायचे. घिरट्या घालणारी घार त्या नळीत धरून ठेवायची आणि निसटू द्यायची नाही. संध्याकाळी ताईला फोनवर सांगायचे, "आज घार तापीपर्यंत सोडली नाही!"

मे महिन्यातली एक सकाळ ठरली. मी आदल्या दिवशी जळगावला गेले, कारण बाबांना ताईच्या विमानात मीही हवी होते. पहाटे धावपट्टीवर पोचलो तर ताईचं नेहमीचं विमान दुरुस्तीला काढलेलं. त्याचा फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे, पांढरं, निळा पट्टा. त्याऐवजी दुसरं मिळालं, पिवळ्या शेपटीचं. पण ते बाहेर काढेपर्यंत ऊन चढलं. उन्हाळ्यात छोट्या विमानासाठी सकाळ चांगली, नंतर हवा उसळायला लागते, हे मला ताईनेच शिकवलं होतं.

तेवढ्यात घरून दुसऱ्यांदा फोन आला. आमचे शेजारी पाटीलकाका, जसोंडीला त्यांच्या केळीच्या बागा आहेत आणि बाबांना ते भाऊ म्हणतात, ते सगळ्या गल्लीला घेऊन आमच्या गच्चीवर जमले होते.

"काय करू राहिल्या पोरींनो? हवाईजहाज आहे का टमटम? सवारी भरायची वाट पाहू राहिले का?"

"काका, थोडा उशीर होतोय."

"अरे भाऊ कधीचे वर मान करून बसले आहेत. मान अकडून जाईल त्यांची! जल्दी या."

ताईने माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही फोन बंद केले आणि आपल्या बॅगेत टाकले. मग विमानाभोवती सावकाश फिरली. चाकं, पंख, तेल, पेट्रोल... सगळं हात लावून पाहिलं. मी घड्याळ बघत होते. तिने ते पाहिलं.

"मुक्ते, घाई करणाऱ्या पॅसेंजरला खाली ठेवून जायचा मला हक्क आहे."

"मी काही बोलले का?"

"पाय बोलतोय तुझा. थांबव तो." मग तिने विमानाला टेकून नकाशा उघडला. "आता ऐक. रावेर येईपर्यंत डावीकडे सातपुड्याची कड स्वच्छ दिसली पाहिजे. दिसली तर पुढे, नाही तर परत. हे मी आत्ता ठरवतेय, जमिनीवर, डोकं थंड असताना. वर गेल्यावर यावर चर्चा नाही. आणि वर बाबांचं नाव काढायचं नाही."

"का?"

"कारण तू नाव काढलंस तर मी पुढे जाईन."

मी मागे, डाव्या खिडकीशी बसले. घरावर आलो की ताई डावीकडे कलणार होती, म्हणजे मला हात करता येईल.

वर गेल्यावर सुरुवातीला सगळं सुंदर होतं. खाली केळीच्या बागांचे हिरवे चौकोन, तापीची वाळू. डोंगराची कड दिसत होती. मग रावेर जवळ येऊ लागलं आणि समोर तांबूस धुरळा उभा राहिलेला दिसला. भिंतीसारखा नाही, पडद्यासारखा. आरपार थोडं दिसायचंसुद्धा, आणि तोच त्याचा धोका. डावीकडची कड पुसट झाली... परत दिसली... मग नाहीच.

रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर किती जवळ आहे हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. ओठावर आलेला शब्द मी दाताखाली दाबला. ताईची फक्त मान दिसत होती मला. ती एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे. मग विमान कललं आणि आम्ही परत फिरलो.

उतरल्यावर तिने सगळी बटणं क्रमाने बंद केली. आणि मग तिथेच सीटवर बसून रडली. "पुढच्या वेळेपर्यंत त्यांना दिसेल का गं?" एवढंच म्हणाली.

फोन मी लावला. स्पीकरवर. आईने उचलला, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तीच बोलायला लागली.

"अगं, रडू राहिले तुझे बाबा! लहान लेकरासारखे!"

मागून पाटीलकाका ओरडत होते, "मला तर काहीच दिसलं नाही, वहिनी! सगळी धूळच धूळ. पण भाऊ म्हणतात गेलं, तर गेलं!"

मग बाबा आले. "पाहिलं गं! अगदी डोक्यावरून. डावीकडे झुकवलंस ना? मुक्ता मागच्या खिडकीत होती, हात करत होती. आणि शेपटी पिवळी कशी? फोटोत तर निळा पट्टा आहे..."

ताईने माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी गप्प बसणं किती सोपं होतं! "हो बाबा" म्हटलं असतं की संपलं. त्यांना हवं ते मिळालं होतं. पण पत्रकांच्या घरातली पोर ती.

"बाबा," ताई म्हणाली, "आम्ही आलोच नाही. रावेरवरून परत फिरलो. पुढे दिसत नव्हतं. मला माफ करा."

पलीकडून गच्चीवरचा वारा ऐकू येत होता, फोनमध्ये फडफडणारा. मग बाबांचा आवाज, अगदी हळू.

"बरं केलंस पोरी. इथे वावधन सुटलंय, पत्रे उडू राहिलेत लोकांचे. बरं केलंस..." आणि थोड्या वेळाने, "मग मी कोणाला हात केला गं?"

आता तुमच्याआधी मीच शंका घेते. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नजर कमी झालेल्या माणसाला नसलेली चित्रं दिसू शकतात, मेंदू रिकामी जागा भरून काढतो. पटलं मला. डोळ्यांत त्याच विमानाची ओढ होती, तेच दिसलं. पण पिवळी शेपटी? मी मागे बसल्याचं त्यांना कसं कळलं? विमान बदलल्याचं आम्हाला कळलं त्याच्या आधी घरचा फोन येऊन गेला होता, नंतर पाटीलकाकांशी जे बोलणं झालं ते उशिराचं, विमानाचं नव्हे. मी ते बोलणं शब्दन् शब्द आठवून पाहिलंय. काकांनाही खोदून विचारलंय. उत्तर नाही माझ्याकडे. आणि नाही म्हणून मी कुठला चमत्कारही जाहीर करणार नाही.

पावसाळा सरेपर्यंत बाबांची ती नळी मिटली. ताईचं विमान त्यांनी पाहिलं ते तेवढंच, जे तिथे नव्हतंच. कधी एकटेच बसले असले की मला विचारतात, "पिवळीच होती ना?" मी हो म्हणते. पण तापीच्या राजघाटावर फिरायला नेलं की भेटेल त्याला ते विमान दिसल्याचं सांगत नाहीत. सांगतात ते असं: "माझी पोरगी रावेरवरून परत फिरली. आंधळा बाप वाट पाहत होता, तरी फिरली." आणि छाती अशी पुढे काढतात की मला हसू येतं आणि रडूही.

मला जे समजलं नाही ते तुमच्यापुढे ठेवलं. जे समजलं ते मात्र ठणकावून सांगते. छोटं विमान चालवणाऱ्याच्या घरच्यांना इंजिनाची भीती वाटते. वाटू द्या. पण "सगळे वाट पाहताहेत" हे ओझं विमानात कोण चढवतं? आपणच. पेढे वाटणारे, गच्चीवर जमणारे, प्रेम करणारे आपण! पायलटला हिंमत दाखव म्हणणारे पुष्कळ भेटतात. परत फिरलास तर तुझी इज्जत जाणार नाही, हे त्याला कोणी सांगतच नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी विमान उडवत असेल, किंवा लांबच्या रस्त्याने गाडी घेऊन तुमच्याकडे यायला निघणार असेल, तर ते निघायच्या आधी, आजच, त्याला फोन करा. आणि एवढंच म्हणा: "नाही आलास तरी मी रागावणार नाही."