कारण नसताना कान झाकते

ऑटिझम हा शब्द मला चिकटला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. बंगळुरात तेव्हा तो शब्द ऐकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि तो चिकटवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच महिन्याभरात विचारलं, "संगीतोपचार शिकणार का? मुलांबरोबर काम कराल, पुढे नोकरीही होईल." म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. कालपर्यंत पेशंट आणि आज एकदम सहकारी? अशी बढती बँकेत खपणाऱ्या आमच्या अक्कालासुद्धा कधी मिळाली नव्हती.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मात्र हरखली. चामराजपेटेतल्या घरात दिवसभर तंबोरे जुळवत बसणाऱ्या बहिणीला कुणीतरी कामाला बोलावत होतं. "अगं, स्वल्प विश्वास ठेव की माणसांवर!"

"सरी, बरं, ठेवते. पण डोळे उघडे ठेवून," मी म्हटलं.

बाईंचं केंद्र शिवाजीनगरला होतं. पहिल्याच दिवशी मी पुरावे गोळा करायला लागले. अकरा वाजता कामावरच्या लोकांना स्टीलच्या पेल्यातून कॉफी यायची आणि मुलांना ग्लुकोजची बिस्किटं. आयाबाईंनी माझ्या हातावर काय ठेवलं? दोन बिस्किटं! खुर्चीही मुलांच्या रांगेत. बाईंच्या हातात सदा वही. मी मान वळवली की त्यांचं पेन हलायचं, निदान मला तसं वाटायचं. मला शिकायला घेतलंय की नुसतं जवळून बघायला, एवढं एकच मला कळायला हवं होतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तेही लिहिलं असतं.

बाई हार्मोनियम वाजवत आणि सोबत एक इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावत. दोघांचा सा जुळत नव्हता. फरक केसभर, कुणाला कळतही नसे. माझ्या कानात मात्र करवत चालायची. तरी मी हात मांडीखाली दाबून, चेहरा हसरा ठेवून बसायचे. कान झाकले की संपलंच, बिस्किटं कायमची!

माझ्या शेजारी सहा वर्षांची एक मुलगी असायची. बोलत नसे. दोन्ही वाद्यं एकदम सुरू झाली की ती कानांवर हात घट्ट दाबायची आणि पुढेमागे झुलत राहायची. मला तिचा राग यायचा, खरंच सांगते. मी सोसतेय ना, मग तुलाच काय झालं? तीन आठवडे हे असंच चाललं.

एका सकाळी बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि वही टेबलावरच राहिली. मी माझं पान शोधायला ती उघडली, तर निघालं त्या मुलीचं पान. "कारण नसताना कान झाकते." तारखा वेगळ्या, वाक्य तेच.

कारण नसताना! अहो, कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला कॉफीवाल्यांत जागा मिळावी म्हणून मी त्या पोरीला तीन आठवडे करवतीखाली बसवलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

बाई परत आल्या, तंबोरा लावून हार्मोनियमला बसल्या. मुलीचे हात कानांवर गेले. या वेळी माझेही गेले.

"तुम्हाला काय होतंय?" बाईंचा हात पेनाकडे वळला.

"लिहा, खुशाल लिहा!" मी ओरडलेच. "पण आधी सा धरा. सोडू नका."

त्यांनी धरला. मी तंबोऱ्याचं बटण हळूहळू फिरवत नेलं, करवत थांबेपर्यंत. मुलीनं एक हात खाली घेतला. थोडं थांबून दुसरा.

मी बाईंचं पेन उचललं, ती ओळ खोडली आणि खाली कन्नडमध्ये लिहिलं: तंबोरा जुळलेला नव्हता. मुलगी ठीक आहे.

"आता माझं पान दाखवा," मी म्हटलं.

बाईंनी वही मिटली आणि आयाबाईंना हाक मारून माझ्यासाठी कॉफी मागवली.

कॉफी मी प्यायले. पुढे ते शिक्षणही पुरं केलं, त्याच केंद्रात नोकरी केली. माझं पान त्यांनी मला कधीच दाखवलं नाही.