म्हशीच्या पाठीवरचा हात

त्यांचं नाव मला माहीत नाही, सगळे त्यांना मामाच म्हणतात. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्याशी म्हैस उभी करून ते गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढतात. कॉलेजातून येताना मी तिथं थांबतो.

"या पावणं, फेसासकट प्या," हे त्यांचं बोलणं सगळ्या चौकाला ऐकू जातं. दिवस कलला की मात्र त्यांचा आवाज खाली येतो. पेला देताना हात हवेत चाचपडतो. मग म्हशीच्या पाठीवर तळवा टेकून ते घराकडं, कळंब्याच्या रस्त्याला लागतात. निळसर उजेडात दोघांची हळूहळू एकच आकृती होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकलेलं बोलून दाखवायला संकोच वाटतो. तरी परवा बोललो.

"मामा, डोळ्यात अंधारात बघणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. पण त्यांना मेंदूकडं जायला स्वतःची सरळ वाट नसते. मधली एक पेशी त्यांचा निरोप दिवसाच्या पेशींच्या वाटेवर नेऊन सोडते."

"मधली म्हंजी माझी म्हसच की," मामा हसले.

"तुम्हाला संध्याकाळचं दिसत नाही, मामा. माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चला."

ते म्हशीची मान खाजवत राहिले. "पोराला कळलं तर म्हस इकंल त्यो."

"आणि रस्त्यात काही झालं तर?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवर तळवा टेकला. दिवे लागले.

"येतो," ते म्हणाले. "पर सकाळी जाऊ. सकाळी मी कुनाचा हात धरत न्हाय."